उजव्या हाताचे रीळ

थोरल्या भावाच्या अपघाताची बातमी मीच लावली. चार ओळींची, एक कॉलमी, आतल्या पानावर. दवाखान्याची फेरी करणारा वार्ताहर संध्याकाळी पाचच्या सुमारास कागद टेबलावर ठेवून गेला. उद्यमनगरातील एका कारखान्यात लेथवर काम करताना कामगाराच्या उजव्या हाताची बोटे तुटली, प्रकृती धोक्याबाहेर आहे, असा मजकूर होता. त्यात नाव होते, आडनावासह. तेव्हा आमच्याकडे अशी पद्धत होती की कारखान्यातल्या अपघातात माणूस दगावला तर नाव छापायचे, जखमी झाला तर छापायचे नाही. मी नावावर काट मारली, कागद कंपोझिंगला पाठवला आणि मग खुर्चीवरून उठून दवाखान्यात गेलो.

हे सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचे. भाऊ तेव्हा चौतिशीत होता. सोळा वर्षे तो एकाच कारखान्यात, एकाच लेथवर टर्नर होता. फिरत्या जॉबला, म्हणजे कातायच्या धातूच्या तुकड्याला, पॉलिश पेपर लावून चकाकी आणायची, हे रोजचेच काम. पेपर बोटांभोवती गुंडाळू नये हे सगळ्यांना माहीत असते आणि घाईत सगळेच गुंडाळतात. पेपर जॉबमध्ये अडकला. तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले, अनामिका अर्धी राहिली. अंगठा आणि करंगळी शाबूत होती.

तिसऱ्या दिवशी मालक भेटायला आले. खाटेच्या कडेला उभे राहूनच बोलले.

"लेथ तुझंच हाय. सहा महिनं बदली माणूस ठेवतो. हात चालला की ये."

"आणि न्हाय चालला तर?"

"तर स्टोअर हाय की. हत्यारं द्यायची, घ्यायची. घरी बसवत न्हाय तुला."

मालकांनी दोन्ही शब्द पाळले. पण त्या तीन दिवसांत भावाने पहिल्यांदा तोंड वाकडे केले ते स्टोअर हा शब्द ऐकून. त्याच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीमागे म्हातारे झालेले किंवा दृष्टी गेलेले कामगार बसत. लेथवरून तिथे गेलेला माणूस परत लेथवर आल्याचे त्याने सोळा वर्षांत पाहिले नव्हते.

लेथवर उजव्या हाताचे काम काय असते ते इथे सांगायला हवे. जॉबवर आटे पाडताना टूल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. शेवटी जॉबचा जाड भाग येतो. तिथे टूल आदळू द्यायचे नसते. डाव्या हाताने मशीन उलटे फिरवायचे आणि त्याच क्षणी उजव्या हाताने छोटे हँडल गर्रकन फिरवून टूल मागे ओढायचे. दोन्ही हात एकदम. एका जॉबला असे दहा-बारा फेरे होतात. हँडल कोणत्या बाजूला असावे हे मशीन बनवणाऱ्याने ठरवलेले असते. सगळ्या लेथवर ते एकाच बाजूला असते.

भावाला मासे धरायचा नाद होता. सोमवारी उद्यमनगर बंद असते. त्या दिवशी तो पंचगंगेवर जायचा, लग्नाच्या आधीपासून. बांबूची काठी, तंगुसाचा दोरा, गळ, कणकेचे गोळे. रीळ त्याने स्वतः कातलेले होते, ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून, चार इंच व्यासाचे, कडा गोल घासलेल्या. मधली पोलादी दांडी पितळेसारख्या गनमेटलच्या बुशात, म्हणजे घट्ट नळीत, फिरायची. आत खटका होता, त्यामुळे रीळ एका बाजूला फिरे आणि दुसऱ्या बाजूला अडे. तो खटका ज्या बाजूने बसवला त्यावरून रीळ उजव्या हाताचे ठरले होते. काठी डाव्या हातात धरायची, हँडल उजव्या हाताने फिरवायचे. डाव्या हाताचे करायचे तर खटका काढून उलटा बसवावा लागला असता आणि मागची चकती नव्याने कातावी लागली असती.

टाके निघाल्यावर पहिल्याच सोमवारी तो काठी घेऊन निघाला. वहिनीने मला सोबत धाडले. घाटावर गेल्यावर त्याने गळ बांधलाच नाही. तंगुसाला अर्धी वीट बांधली, ती पाण्यात सोडली आणि पायऱ्यांवरून वर ओढायला सुरुवात केली. अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये हँडलच्या टोकाचे बोंड धरायचे आणि फिरवायचे. बोंड सुपारीएवढे होते. चार-पाच फेऱ्यांनंतर ते निसटे, वीट पायरीवरून खाली घसरे आणि खटक्यावर अडे.

"मोज," तो मला म्हणाला. "न सुटता किती फेरं झालं ते लिव."

माझ्या खिशात बातमीदाराची वही होती. त्यात मी लिहिले. पहिल्या दिवशीचा सगळ्यात मोठा आकडा नऊ.

खाली म्हशी धुणारा एक जण बराच वेळ बघत होता.

"पावणं, लई मोठी वीट गावली की."

"व्हय."

"रस्सा करनार का सुकी?"

"तू ये जेवाय, मग ठरवू," भाऊ म्हणाला आणि वीट पुन्हा पाण्यात टाकली.

त्याच घाटावर एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर यायचे. त्यांच्याकडे परदेशी रीळ होते, बोटीवर नोकरीला असलेल्या भाच्याने आणलेले. त्याचे हँडल डाव्या बाजूला होते. उजव्या हाताच्या माणसाचे रीळ डावीकडे, याचे घाटावर सगळ्यांना हसू यायचे. मास्तर मात्र ते शांतपणे समजावून सांगत. जोर काठीला लागतो, रिळाला लागत नाही. म्हणून ताकदीच्या हातात काठी द्यावी आणि फिरवायचे काम दुसऱ्या हाताला. मासा लागल्यावर काठी या हातातून त्या हातात करावी लागत नाही, हा दुसरा फायदा.

विटेचा प्रकार तीन सोमवार बघून झाल्यावर ते भावाजवळ येऊन बसले.

"तुमचा हात मी पाहिलाय," ते म्हणाले. "काठीचा बुंधा काखेत धरा. उजव्या मनगटाला चामड्याचा पट्टा करून तो काठीला बांधा. हात नुसता टेकवायचा, धरायचं काहीच नाही. फिरवायला डावा हात. महिन्याभरात सवय होईल. रीळ तेवढं डाव्या हाताचं करून घ्या."

"मास्तर, तुमचं बरोबर हाय," भाऊ म्हणाला. "पण तुमाला रीळच फिरवायचं असतंय. मला लेथ फिरवायचंय."

"त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

"माझ्या हाताला एकच हाय. आज ह्याचं हँडल डावीकडं घेतलं तर उजवा म्हणंल, सुटलो. लेथचं हँडल कोण डावीकडं घेनार?"

मास्तरांनी आणखी एकदा सांगून पाहिले. अशा हाताला रोज ओझे लावले तर तो बरा होईलच असे नाही, असेही म्हणाले. भावाने ऐकून घेतले आणि वीट पाण्यात सोडली. मला मास्तरांचे म्हणणे पटले होते, पण मी त्या वेळी बोललो नाही. परत येताना भावाने विचारले, "तुला काय वाटतंय?" मी म्हणालो, "उजवंच ठेव." त्याला तेच ऐकायचे होते आणि मला ते माहीत होते.

दुसऱ्या महिन्यात आकडा चौदावर जाऊन अडला. अंगठ्याच्या मुळाशी सूज येऊ लागली. डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आत त्या हातावर जोर देऊ नका असे बजावले होते. विटेबद्दल त्यांना सांगायला भावाने मनाई केली होती.

त्याच्या शेजारच्या लेथवरचा टर्नर त्याचा जुना जोडीदार. दोघे एकाच वर्षी कामाला लागलेले. तो एका सोमवारी घाटावर आला, पायरीवर बसला आणि तासभर वीट वर येताना आणि खाली जाताना बघत राहिला. शेवटी म्हणाला, "आण हिकडं ते रीळ. बोंड लई बारकं हाय. मुठीएवढं करून देतो."

"बोंडच बदल. बाकी कायबी करू नगंस."

"तेलपानी तरी करू का न्हाय?"

"तेल घाल."

आठवड्याने रीळ परत आले. बोंड आता लिंबाएवढे होते, लाकडाचे, वर बारीक खाचा पाडलेल्या. भावाने ते करंगळी आणि अंगठ्यात धरले आणि फिरवले. त्या सोमवारी न सुटता सव्वीस फेरे झाले. पुढच्या सोमवारी एकतीस. वीट तीच होती, पायऱ्याही त्याच. म्हशीवाला म्हणाला, "आज वीट लई गरीब वागतीया." भाऊ हसला. अपघातानंतर तो मोठ्याने हसल्याचे मला आठवते ते तेवढेच.

त्याच आठवड्यात एका दुपारी भावाचा जोडीदार आमच्या कचेरीखालच्या चहाच्या दुकानात आला आणि वर निरोप पाठवून मला खाली बोलावून घेतले. त्याने दोन चहा सांगितले. स्वतःचा प्यायला नाही.

"तुमास्नी म्हणून सांगतोय, पेपरवाले. त्याला कळू द्यायचं न्हाय."

"काय?"

"रिळातला बुश मी काढून टाकलाय. दोन बेअरिंग बसवली आतनं. वरनं चकती लावलीया, दिसत न्हाय. आता नुसतं फुकलं तरी फिरतंय."

मी विचारले, असे का केले.

"सोळा वर्सं त्याच्या शेजारी हुबा हाय मी. माझं टूल तोच घासून द्यायचा सुरवातीला. त्याच्या हातातनं हँडल सुटताना मला बघवंना." मग म्हणाला, "हुरूप आला की हात आपसूक चालंल. मग काढतो की बेअरिंग. कोन बघतंय?"

"त्याला कळणार नाही?"

"रीळ उघडल्याबिगर न्हाय कळायचं. आणि स्क्रू फिरवायला त्याला हात कुठला हाय?"

मी वर गेलो आणि काम सुरू केले. भावाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सांगता आले असते, त्यानंतरच्या दिवशीही. भाऊ जेवताना आता उजव्या हाताने ताटली सरकवू लागला होता. वहिनी शेजारणीला त्याचे आकडे सांगत होती. मी दर सोमवारी घाटावर जात होतो आणि वही भरत होतो. पस्तीस. अडतीस. एका सोमवारी त्रेचाळीस. वहीतले सगळे आकडे मोजून लिहिलेले आणि बरोबर होते. रिळात काय बदलले आहे, याची नोंद वहीत नव्हती. ती करणे माझे काम होते.

त्रेचाळीस झाले त्या दिवशी त्याने वीट सोडवून नदीत फेकून दिली.

"उद्या जातो मालकाकडं."

मी म्हणालो, "सहा महिन्यांना अजून पाच आठवडे आहेत."

"कशाला थांबायचं? तुझ्याच वहीत हाय की."

मंगळवारी सकाळी मी त्याच्याबरोबर कारखान्यात गेलो. तसा त्याचा आग्रह होता. मालकांनी पंपाचा एक शाफ्ट काढून दिला. एका टोकाला आटे पाडायचे, जाड भागाच्या अगदी जवळपर्यंत. सोपे काम नव्हते, पण त्याने असे शाफ्ट शेकड्यांनी केले होते. बदली माणूस बाजूला झाला. भावाचा जोडीदार शेजारच्या लेथवर होता. त्याने स्वतःचे मशीन बंद केले आणि सुताच्या बोळ्याने हात पुसत उभा राहिला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. मशीन सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे होती. भाऊ टूलची उंची बघत होता, डाव्या हाताने आवळत होता.

पहिले तीन फेरे नीट गेले. हलका काप होता. त्याने डाव्या हाताने मशीन उलटे केले, उजव्याने टूल मागे घेतले. मालक म्हणाले, "जमतंय की रं." चौथ्या फेऱ्याला काप खोल झाला. हँडल आता जड झाले असावे. त्या हँडलचे बोंड छोटे आणि गुळगुळीत असते. हँडल ज्यात फिरते तो स्क्रू घट्ट असतो, तसा असावाच लागतो. पाचव्या फेऱ्याला टूल जाड भागाजवळ आले. त्याने उजव्या हाताकडे पाहिले. त्यामुळे डावा हात क्षणभर मागे राहिला. बोंड अंगठ्याखालून निसटले. टूल जाड भागात घुसले आणि मोडले. तुकडा मालकांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला.

मशीन मालकांनीच बंद केले. तुकडा कुणाला लागला नव्हता.

"हात बघू," ते म्हणाले. भावाने तळहात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी कातडी फाटली होती. मालकांनी तो हात बराच वेळ धरून ठेवला.

"स्टोअर बघ उद्यापासनं."

"व्हय."

राहिलेल्या पाच आठवड्यांचा विषय कुणी काढला नाही. भावानेही नाही. त्याने लेथवरचा चुरा ब्रशने झाडला, पाळी संपताना झाडत असे तसा. जॉब धरणारा चक उघडायची चावी जागेवर ठेवली. मोडलेल्या टूलचे उरलेले खोड कापडात गुंडाळून मालकांच्या टेबलावर ठेवले. मग आम्ही चालत घरी आलो. वाटेत तो एकदाच बोलला, "त्रेचाळीस हुतं न्हवं?"

पुढच्या सोमवारी तो नदीवर गेला नाही. दुपारी मी घरी होतो. बाहेरच्या कट्ट्यावर त्याने आमचा पेपर पसरला होता आणि त्यावर रीळ ठेवून डाव्या हाताने स्क्रू काढत होता. स्क्रूड्रायव्हर सारखा निसटत होता. दोन स्क्रू काढायला त्याला अर्धा तास लागला असेल. मदत करू का, असे मी विचारले नाही.

चकती निघाली. त्याने आत पाहिले. मग करंगळीचे टोक आतल्या कड्यावर टेकवले आणि फिरवले. काहीच आवाज आला नाही.

"हिकडं ये," तो म्हणाला.

मी गेलो.

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"कवापासनं?"

"बसवली त्या आठवड्यापासून."

त्याने रीळ उचलून कानाशी धरले आणि पुन्हा फिरवले. मग उजेडाकडे धरून बेअरिंग आणि त्याच्या घराची फट बघितली. सोळा वर्षे तो अशाच नजरेने दुसऱ्याचे काम तपासत आला होता.

"बसवलंय चांगलं," तो म्हणाला. "ढिलं न्हाय, आवळ न्हाय." आणि पुढे म्हणाला, "मला पयल्याच दिवशी कळाय पायजे हुतं. एवढं हलकं बुशावर फिरत नसतंय कवा."

मला त्याने आणखी काही विचारले नाही. काही विचारले असते तर काय उत्तर द्यायचे ते मी ठरवून ठेवले होते. अजूनही ते मला पाठ आहे.

स्टोअरच्या खिडकीवर पुढे काय झाले ते मला त्याच्या जोडीदाराने सांगितले. तो सकाळी ड्रिल मागायला गेला. भावाने डाव्या हाताने ड्रिल दिले, वहीत सही घेतली आणि खिडकीच्या फळीवर उघडे रीळ ठेवले.

"हे डाव्या हाताचं कर. खटका उलटा घाल, चकती नवी कात. आणि गनमेटलचा बुश घाल. बेअरिंग नगं."

"जड जाईल, मर्दा."

"जाऊ दे की."

"घालू दे की एक तरी."

"बुश घाल," भाऊ म्हणाला आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारले, "तुला काय पायजे?"

जोडीदाराने रीळ पंधरा दिवसांत करून दिले. बुश घट्ट बसवला होता, सांगितला तसा. त्या दोघांचे बोलणे बंद पडले नाही. खिडकीतून जेवढे लागते तेवढे होत राहिले. बदली माणूस महिन्याभरात कायम झाला. लेथ बदलेपर्यंत, म्हणजे आणखी सात-आठ वर्षे, तोच त्यावर होता.

मनगटाचा पट्टा भावाने बाजारातल्या चांभाराकडून शिवून घेतला, मास्तरांनी सांगितला होता तसा, दोन बकलांचा. मास्तर त्याच्या आधीच मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. पट्टा बघायला ते नव्हते.

नव्या रिळाचा पहिला सोमवार मला आठवतो. नदी आटलेली होती, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. म्हशीवाला नेहमीच्या जागी होता. त्याने बुंधा काखेत धरलेला पाहिला, पट्टा पाहिला आणि पुन्हा म्हैस घासू लागला. भावाने गळाला कणकेचा गोळा लावला. ते करायला त्याला वेळ लागला. गळ पाण्यात गेल्यावर तो तंगूस ताठ होईपर्यंत डाव्या हाताने रीळ फिरवू लागला. जड फिरत होते. गनमेटलवर पोलाद घासल्याचा आवाज मला दोन पायऱ्या वर ऐकू येत होता. सवयीने मी खिशातून वही काढली.

"ती ठेव आत," तो म्हणाला. मान वळवली नाही.